पायवाट खोल, वाफा उंच

परसबागेत भाजी लावायची म्हटलं की हल्ली आधी चौकट येते. फळ्यांची, विटांची, पत्र्याची किंवा तयार मिळणारी प्लॅस्टिकची. चार बाय आठ फुटांची, फूटभर उंच, आणि आत विकत आणलेली लाल माती, शेणखत, कोकोपीट. रेज्ड बेड या नावाने ती विकली जाते आणि तिच्याबद्दलचे दावे मोठे असतात. उत्पन्न दुप्पट-चौपट, तण नाही, रोग कमी, पाणी कमी. यातले काही दावे खरे आहेत. काही खरे असले तरी त्यांचं श्रेय चौकटीकडे जात नाही. आणि पाणी कमी लागतं हा दावा आपल्या हवेत बहुतेक वेळा उलटाच पडतो. उंच वाफा ही मुळात जादा पाणी मुळांपासून दूर नेण्याची सोय आहे. पाणी जिथे आणि जेव्हा जास्त होतं, तिथे आणि तेव्हा ती कामाची. महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षातले चार महिने पाणी नको इतकं असतं आणि उरलेले आठ महिने ते बादलीने मोजून घालावं लागतं. अशा मुलखात बारा महिने एकाच उंचीवर बसवून टाकलेली चौकट अर्धं वर्ष आपल्याच विरुद्ध काम करते. वाफ्याची उंची ऋतूनुसार बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं साहित्य म्हणजे एक कुदळ आणि एक घमेलं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चांगल्या बागायती मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, आणि त्या पोकळीत काही पाणी, काही हवा अशी वाटणी झालेली असते. पाऊस लागून राहिला आणि सगळी पोकळी पाण्याने भरली की पंचाईत होते, कारण पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. मातीत उरलेला प्राणवायू मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग मुळं पाणी शोषायचंच थांबवतात, म्हणून चिखलात उभं असलेलं मिरचीचं रोप भर पावसात तहानल्यासारखं मान टाकतं. त्याच वेळी प्राणवायूविना जगणारे जिवाणू मातीतलं नायट्रेट फोडून नत्र हवेत सोडून देतात आणि पानं पिवळी पडतात. ते पाहून माणूस खत टाकतो आणि तेही वाहून जातं. कोवळ्या रोपांचे हाल तर विचारू नयेत. पिथियमसारख्या ओल्या मातीत फोफावणाऱ्या रोगकारकांमुळे ती जमिनीलगत कुजून आडवी होतात. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागते त्यामागे हेही एक कारण आहे. शेतकरी पावसानंतर वाफसा येण्याची वाट पाहतो, म्हणजे मातीत ओल राहून हवाही परत शिरेल अशा अवस्थेची. उंच वाफा ही वाट कमी करतो. आजूबाजूच्या पातळीपेक्षा माती सहा-आठ इंच वर असली की जादा पाणी आपल्या वजनाने खाली आणि बाजूला निघून जातं.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते दख्खनच्या काळ्या मातीला. भारी काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण अनेकदा निम्म्याच्या घरात असतं, आणि ही चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून पडणाऱ्या पाण्याला वाटच उरत नाही. सोलापूर, मराठवाडा या भागांत खोल काळ्या रानात खरीप न घेता ते पावसाळाभर पड ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची रीत होती. ती काही आळसातून आलेली नव्हती. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. मीटरभर रुंदीचा, वीतभरसुद्धा उंच नसलेला वरंबा आणि त्याच्या शेजारी अर्ध्या मीटरची सरी, अशी रचना तिथे सत्तरीच्या दशकात आकाराला आली. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाणी बाहेर. आणि पावसाने ओढ दिली तर सरीत मुरलेली ओल वरंब्याच्या कामी. महाराष्ट्राचा कृषी विभाग आज सोयाबीनसाठी जी रुंद वरंबा सरी किंवा बीबीएफ पद्धत सांगतो ती हीच. तिच्यात एकही फळी नाही, वीट नाही. सारा खेळ जमिनीच्या दोन पातळ्यांमधल्या फरकाचा.

शेतीत असे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. कांद्याचं, मिरचीचं, वांग्याचं रोप टाकायचं तर ते गादीवाफ्यावर, साधारण मीटरभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. कोकणात भाताची रोपंसुद्धा गादीवाफ्यावर केली जातात. ज्या पिकाला नंतर गुडघाभर चिखल चालतो त्याचं बालपण मात्र निचऱ्याच्या जागी जातं. सातारा-सांगलीकडे आलं आणि हळद उंच वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर घेतात, कारण दोन्हींचे कंद साचलेल्या पाण्यात सडतात. गोव्यात पावसाळी भाजी डोंगरउतारावर आणि सड्यावर होते. सखल शेतं तेव्हा भाताखाली असतात, आणि भात निघाल्यावर हिवाळ्यात त्याच शेतांत भाजी येते. उंची माणसाने केलेली असो की डोंगराची, कारण एकच. पण याच शेतकऱ्यांकडे पावसाळ्यानंतर पाहिलं तर दुसरी बाजू दिसते. खरिपाचा कांदा रुंद गादीवाफ्यावर घ्या असं राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय सांगतं. रब्बीचा कांदा मात्र कितीतरी शेतकरी आजही सपाट वाफ्यात, भोवती वरंबा घालून लावतात. मेथी, पालक, कोथिंबीर हिवाळ्यात सपाट वाफ्यात. नारळ, केळ, वांग्याचं मोठं झाड यांना आळं. म्हणजे पाणी जास्त तेव्हा पीक वर, पाणी कमी तेव्हा पीक खाली. कोरड्या मुलखात जगभर हेच सापडतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे झुनी लोक मातीच्या कडा उभारून खोलगट चौकोनांत भाजी लावत आले, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे शेतकरी कडक जमिनीत खड्डे करून त्यांत खत घालून ज्वारी-बाजरी पेरतात.

उन्हाळ्यात उंच चौकटीचं काय होतं याचा हिशेब कागदावरही करता येतो. चार बाय आठ फुटांच्या वाफ्याचं वरचं क्षेत्र ३२ चौरस फूट. त्याला फूटभर उंचीच्या बाजू दिल्या की घेर २४ फूट, म्हणजे आणखी २४ चौरस फुटांचा पृष्ठभाग उन्हाला आणि वाऱ्याला मिळाला. जमिनीच्या पातळीवरचा वाफा फक्त वरून तापतो; ही चौकट पाच बाजूंनी तापते. मे महिन्यात दख्खनच्या पठारावर चांगल्या वाढलेल्या भाजीला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी सहज लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ३२ चौरस फूट म्हणजे जवळजवळ तीन चौरस मीटर, तेव्हा सपाट वाफ्यालाच रोजचे २० लिटर झाले. चौकटीतल्या भुसभुशीत, कोकोपीटच्या मातीला त्याहून जास्त लागतं, आणि एक दिवस चुकला तर खालच्या जमिनीतून ओल वर चढण्याची शक्यताही कमी. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या चौकटीत कडेची मुळं अक्षरशः भाजतात. अशा वाफ्यात रोपं मधोमध बरी आणि कडेला मरगळलेली दिसली तर रोग शोधत बसण्याआधी चौकटीला दुपारी हात लावून पाहावा.

मग या चौकटीची एवढी ख्याती झाली कशी? ती थंड मुलखातून आली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे भाजीवाले घोड्यांच्या लिदीचे जाड थर पसरून, त्या कुजणाऱ्या लिदीच्या उबेवर ऐन थंडीत भाजी काढत. त्या परंपरेचे धडे घेऊन अ‍ॅलन चॅडविक या इंग्रज बागवानाने १९६७ पासून कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या विद्यापीठात बाग उभी केली. जॉन जेव्हन्स यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकातून ती पद्धत सामान्य माणसापर्यंत नेली. या दोघांच्या वाफ्यांना चौकट नव्हती. दोन कुदळी खोल खणून माती मोकळी केली, खत मिसळलं, की ती फुगून आपोआप वर येई. चौकट ठळकपणे आली ती मेल बार्थोलोम्यू या स्थापत्य अभियंत्यामुळे. त्यांचं चौरस फुटाच्या बागेचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं, आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी जमीन सोडून सहा इंच उंचीच्या खोक्यात पीट, व्हर्मिक्युलाइट आणि कंपोस्ट समप्रमाणात भरायला सांगितलं. बर्फ पडणाऱ्या गावात याचा मोठा फायदा असा की वसंतात उंच वाफ्यातली माती लवकर तापते आणि पेरणी दोन-तीन आठवडे आधी होते. तिकडच्या प्रत्येक पुस्तकात हा गुण वरच्या क्रमांकावर असतो. जळगावात फेब्रुवारीत माती लवकर तापणं हा गुण कसा होईल?

उत्पन्नाच्या दाव्यांकडेही जरा बारकाईने पाहायला हवं. चौकटीतलं उत्पन्न चौरस फुटामागे मोजताना भोवतीची पायवाट बहुधा हिशेबात धरलेली नसते. शेतातलं उत्पन्न मात्र पूर्ण रानावर मोजलेलं असतं. शिवाय चौकट करणारा माणूस तीत भरपूर कंपोस्ट घालतो, दाट लागवड करतो, रोज पाणी घालतो आणि तण दिसलं की उपटतो. हे सगळं सपाट वाफ्यात केलं तर तिथेही भाजी जोमदार येते. या पद्धतीत खरोखर मोलाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, वाफ्यावर पाय न पडणं. ओल्या मातीवर एकदा माणूस चालला की तिच्यातली मोठी छिद्रं दबतात, आणि हवा-पाण्याची ये-जा याच छिद्रांतून होत असते. दुसरी, पायवाट कायमची ठरलेली असणं, म्हणजे खत आणि मेहनत फक्त पिकाच्या जागी पडते. म्हणूनच वाफ्याची रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, तेव्हा चार फूट. भिंतीलगत एकाच बाजूने पोचायचं असेल तर दोन-अडीच फूट. या दोन्ही गोष्टी दोरी आणि चार खुंट्यांनी साधतात.

मातीचा प्रश्न निराळा आणि जास्त गंभीर आहे. चार बाय आठची फूटभर उंच चौकट भरायला ३२ घनफूट माती लागते, म्हणजे ब्रासचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अशा तीन चौकटी म्हणजे एक ब्रास. ही लाल माती येते कुठून? कुठली तरी टेकडी फोडून किंवा कुणाच्या तरी शेताचा वरचा थर खरवडून. एका जागेची माती उचलून दुसरीकडे खोक्यात भरायची आणि त्याला पर्यावरणपूरक छंद म्हणायचं, यात काहीतरी चुकतंय. विकतच्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात, ते वेगळंच. महाराष्ट्रात याला उत्तर फार पूर्वी दिलं गेलं आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने लोकांना जोडत आणि ‘विपुलाच सृष्टी’सारख्या पुस्तकातून आग्रहाने मांडलं की माती विकत आणायची नसते, ती घरच्या काडीकचऱ्यातून तयार करायची असते. वाळका पालापाचोळा शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवायचा, थर लावायचे, ढीग उलथत राहायचं, वर बियांचं मिश्रण पेरून आलेला हिरवा पाला वेगवेगळ्या वयाला कापून पुन्हा त्यात मिसळायचा. काही महिन्यांनी हाती येते ती त्यांची अमृत माती. पानाच्या प्रत्येक चौरस फुटावर किती ऊन पडतं याचा हिशेब मांडणारा हा माणूस गणिताचा प्राध्यापक होता, आणि त्याचा भर चौकटीवर कधीच नव्हता.

आता उंची बदलण्याची युक्ती. वाफा उचलण्याऐवजी पायवाट खाली न्यायची. चार फूट रुंद वाफे आणि मध्ये दीड फुटाच्या पायवाटा आखा. मे महिन्यात पायवाट सहा इंच खणा आणि निघालेली माती शेजारच्या वाफ्यावर पसरा. दीड फूट रुंदीतली सहा इंच माती चार फुटांवर पसरली की वाफा सव्वादोन इंच वर येतो, म्हणजे पायवाटेच्या तळापासून आठ इंचांहून थोडी जास्त उंची मिळाली, आणि बाहेरून एक घमेलंही माती आणावी लागली नाही. मोकळी झालेली माती फुगते, तो फायदा वेगळा. पायवाटेला किंचित उतार द्या. शंभर फुटांत अर्धा-पाऊण फूट इतकाही पुरतो. पाण्याला शेवटी बाहेर पडायला वाट हवीच, नाहीतर पायवाटेचं डबकं होतं आणि डासांची सोय होते. जिथे हे पाणी बाहेर पडतं तिथे अळू लावावं. पावसाळाभर वाफ्यावर मिरची, वांगी, गवार, कोथिंबीर, पायवाटेत पाणी.

पाऊस उलगडला की, नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास, रिकाम्या पायवाटा पालापाचोळ्याने भरायला घ्यायच्या. वाळकी पानं, उसाचं पाचट, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, उपटलेलं बिया न धरलेलं तण. मधूनमधून शेणकाला शिंपायचा आणि वरून चालत राहायचं. पाय पडत राहिल्याने काडीकचरा दबतो, बारीक होतो. भरलेली पायवाट वाफ्याच्या कडेची माती झाकते, म्हणून हिवाळ्यात वाफा जणू सपाट होऊन जातो आणि बाजूंनी सुकणं थांबतं. होळीच्या आसपास ऊन चढू लागलं की वाफ्याच्या कडेला दोन-तीन इंचांची मातीची कड ओढायची आणि आत आच्छादन पसरायचं. उंच वाफा आता उथळ वाफा झाला, घातलेलं पाणी बाहेर पळणार नाही. मे अखेरीस पायवाटेतलं कुजलेलं खत उपसून वाफ्यावर टाकलं की पायवाट पुन्हा खोल, वाफा पुन्हा उंच, आणि वर्षाचं खतही घातलं गेलं. यात वाफा मुळीच खणावा लागत नाही. माती वरचेवर खणू नये, तिची घडण मोडते, असं म्हणणाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे आणि तो इथे आपोआप सुटतो.

दुसरा आक्षेप असा की चौकट नसेल तर कोकणातल्या पावसात वाफा वाहून जाईल. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा ही भीती खोटी नाही. पण माती वाहते ती उघडी असल्यामुळे आणि कडा उभ्या असल्यामुळे. कडांना पंचेचाळीस अंशांचा उतार द्यावा, वर काडीकचऱ्याचं पातळ आच्छादन ठेवावं, कडेने आलं किंवा गवती चहा लावावा; मुळं कड धरून ठेवतात. तरीही भागत नसेल तर जांभ्याचा चिरा किंवा घाटावर साधे दगड एका ओळीत सुटे लावावेत, सिमेंट न भरता, म्हणजे फटींतून पाणी निघतं. इथे एक अडचण मात्र कबूल करायला हवी. दगड-विटांच्या फटी ही गोगलगायींची दिवसाची निवांत जागा असते, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं कशी फस्त केली हे शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. जाड पालाही त्यांना आवडतो. पावसाळ्यात पायवाटा रिकाम्या असाव्यात याला हेही एक कारण आहे. पाला तिथे यायचा तो पाऊस संपल्यावर.

चौकट जिथे खरंच हवी अशा जागाही आहेत. नव्या इमारतीच्या आवारात माती म्हणून जे असतं तो बहुतेक वेळा राडारोडा असतो. विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. अशा जागी मातीचा सामू चढतो, लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. टेकडीवरच्या घरांभोवती वीतभर मातीखाली मुरूम लागतो. दोन्ही ठिकाणी खाली जायला वावच नाही, तेव्हा वरच जायला हवं, आणि मग चौकटीचा खर्च समर्थनीय ठरतो. तळ उघडा ठेवावा. प्लॅस्टिक अंथरून तो बंद करणारे लोक उंच वाफ्याचा एकमेव मोठा गुणच काढून टाकतात. लाकूड वापरायचं तर वाळवीचा विचार आधी. माल वाहण्याच्या पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात. त्यांवर एचटी असा शिक्का असेल तर त्या फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेल्या असतात, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि त्या भाजीपासून लांब बऱ्या. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत डांबरी तेल मुरलेलं असतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकने मुरवलेलं लाकूड अमेरिकेतल्या घरगुती बाजारातून २००४ च्या सुरुवातीपासून बाद झालं, ते काही उगीच नाही. जुन्या अ‍ॅसबेस्टॉसच्या पत्र्यांचे तुकडे कडेला रोवण्याची सवय तर सोडूनच द्यावी.

गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांसाठी कमरेइतका उंच वाफा हे योग्यच उत्तर आहे आणि त्याला पाण्याच्या हिशेबाने नाकारणं चुकीचं होईल. फक्त तो वाफा नसून मोठी कुंडी आहे हे समजून त्याची देखभाल करावी: उन्हाळ्यात शेडनेट, दोन वेळा थोडं पाणी, दर हंगामाला नवं खत. कुंडीच्या बाबतीतली एक जुनी समजूत इथेही डोकं वर काढते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, असं सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीने धरून ठेवलेलं पाणी खालच्या जाड खडीत तोपर्यंत उतरत नाही, जोपर्यंत खडीला टेकलेली माती पूर्ण भिजत नाही. म्हणजे तळाशी असणारा चिखलाचा थर नाहीसा होत नाही, खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागा कमी होते. तळाला भोकं हवीत, त्यांवर जाळीचा तुकडा पुरतो.

गच्चीवर हा सगळा विचार बदलतो, कारण तिथे प्रश्न निचऱ्याचा नसून वजनाचा असतो. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो इतका भार धरून आराखडा करतात; ये-जा नसलेल्या छतासाठी त्याच्या निम्मा. फूटभर जाडीची भिजलेली बागेची माती चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जाते. पावसाळ्यात ती भिजणारच. तेव्हा जमिनीवरची चौकट जशीच्या तशी गच्चीवर नेणं म्हणजे छतावर त्याच्या हिशेबाच्या तिप्पट ओझं ठेवणं. वरचा थर पालापाचोळ्याच्या खताचा आणि कोकोपीटचा, वीतभराहून कमी जाडीचा ठेवला तर भार आवाक्यात येतो, आणि मेथी, पालक, माठ, कोथिंबीर यांना तेवढी जाडी पुरते. तेही संरचना अभियंत्याला विचारून, आणि शक्यतो तुळयांच्या व भिंतींच्या ओळीत.

जमीन असलेल्यांनी कुदळ उचलण्याआधी एक खड्डा करून पाहावा: फूटभर खोल, फूटभर रुंद. तो पाण्याने भरून एकदा रिता होऊ द्यावा, मग पुन्हा भरून किती वेळात उतरतो ते पाहावं. दोन-तीन तासांत पाणी गेलं तर माती निचऱ्याची आहे. पावसाळ्यात चार-पाच इंचांचा फरक पुरे, आणि उन्हाळ्यात वाफा सपाट ठेवणंच शहाणपणाचं. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर पायवाट आठ-नऊ इंचांपर्यंत खोल न्यावी लागेल आणि पाणी आवाराबाहेर कुठे जाणार याचा शेजाऱ्यांशी बोलून आधीच बंदोबस्त करावा लागेल. ही चाचणी कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत मे महिन्यात करू नये. भेगांतून पाणी झटकन निघून जातं आणि माती निचऱ्याची आहे असा खोटा दिलासा मिळतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन भेगा मिटल्या की मग करावी. त्या वर्षीचा पावसाळा निरीक्षणात जाईल, पायवाटांचं पहिलं खणणं पुढच्या मे महिन्यात.